दादा, आपली पोरं पुन्हा जिंकली

घोडेगाव,
मार्च २००८

प्रिय दादा,

काल आपली पोरं जिंकली रे! मलेशियात. एकोणीस वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक पुन्हा आपल्याकडे आला. आपल्या धावा काही फार नव्हत्या. मधेच पाऊस आला, खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला आणि शेवटी आफ्रिकेची पोरं थोडक्यात कमी पडली. रविवार होता, म्हणून तुझे दाजी दुकान बंद ठेवून घरीच होते. शेवटचा चेंडू पडला तशी आपली पोरं मैदानात धावत सुटली. मी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि वळून बघितलं. खिडकीखालच्या तुझ्या खुर्चीवर दाजींचे वाळलेले कपडे पडले होते.

तू पौषात गेलास, हे मला माहीत नाही का? माहीत आहे. तरी वळलेच.

म्हणून लिहायला बसले. आणखीही एक कारण आहे. कमलवहिनी आणि तुझी सई दोघी काल माझ्याकडेच होत्या. कप्तानानं चषक उचलला तेव्हा सईनं मला एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. ते तुला पटलं असतं का, हे विचारायला आता कुठे येऊ? तेव्हा सगळं पहिल्यापासून लिहिते. तुला ठाऊक असलेलंही लिहिते. मलाच ते एकदा नीट आठवून बघायचंय.

तू दहावीला ओतूरला जात होतास ते वर्ष आठवतं? एक दिवस एसटीतून उतरलास तो हातात भज्यांचा तेलकट कागद. भजी केव्हाच संपली होती, कागद मात्र घडी घालून आणलेला.

"शैले, हे बघ! आपल्या वयाची पोरं आफ्रिकेत खेळायला गेलीत. इंडियाची टीम हाय त्यांची!"

मला तोवर वाटायचं, इंडियाची टीम म्हणजे एकच, टीव्हीवरची, मोठ्या माणसांची. पोरांचीही एक टीम असते, त्यांचाही विश्वचषक असतो, हे आपल्या मढ गावात कोणाला माहीत होतं? तू तो कागद भाताच्या खळीनं भिंतीला चिकटवलास. त्या साली काही आपण जिंकलो नाही. पण तेव्हापासून तुझं ठरलं. मोठ्या टीमचं कोणी विचारलं तर तू म्हणायचास, "त्यांचं बघायला सगळा देश हाय. मी पोरांचं बघतो."

आपलं मैदान म्हणजे खालचं खाचर. भात निघाला की आबा तिकडे गुरं सोडायचे, त्याच्या आधीचे थोडे दिवस आपले. मी चेंडू टाकायचे, शेजारचा पोरगा बॅट धरायचा आणि तू मागे उकिडवा बसलेला. त्या जमिनीत चेंडू कधी सरळ आला का? कापलेल्या भाताच्या खोडकीवर आपटला की कानाकडे, भेगेत गेला की पायात. तू मात्र तो धरायचास. आईनं गोधडीच्या तुकड्यांचे हातमोजे शिवून दिले होते, एक निळा, एक फुलाफुलांचा. पोरं हसायची. तुला काय त्याचं!

ओतूरच्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी तुला यष्टींमागे एकदाच बघितलं आणि घरी येऊन आबांना म्हणाले, "ह्याला पुण्याला पाठवा." आबांनी विचारलं, "तिथं जाऊन काय करायचं ह्यानं?" सर म्हणाले, "हेच. जे खाचरात करतोय तेच." आबा हसले. आबा हसले म्हणजे परवानगी मिळाली, हे आपल्या दोघांनाच कळायचं.

मग जिल्ह्याचा संघ झाला, महाराष्ट्राचा झाला. आणि पुढच्या विश्वचषकाच्या आधी देशभरातून ज्या मुलांना शिबिराला बोलावलं, त्यांत तुझं नाव आलं! त्यातूनच श्रीलंकेला जाणारा संघ निवडायचा होता. गावात नुसता गोंधळ. सदाभाऊंनी मारुतीच्या देवळापुढे सभा घेतली. ते ग्रामपंचायतीचे सदस्य, पण गावातल्या प्रत्येक सभेचे अध्यक्ष तेच. "आमचा दत्तू श्रीलंकेला चाललाय!" म्हणून त्यांनी हार घातला.

तू खालच्या आवाजात म्हणालास, "भाऊ, अजून निवड व्हायची हाय."

"झाल्यात जमा हाय ती! तू गप उभा ऱ्हा."

आईनं भाकरी बांधून दिली, खुरासणीची चटणी दिली. एसटी आली तेव्हा तुझी पिशवी आबांनी स्वतः उचलून वर ठेवली. आयुष्यात त्यांनी कोणाची पिशवी उचलली होती का रे?

आणि तू आठवडा व्हायच्या आत परत आलास.

मी फाट्यावर लाकडाची मोळी टेकवून उभी होते. कल्याणकडे जाणारी एसटी थांबली आणि तू उतरलास. मला वाटलं, काही विसरलं म्हणून आलास.

"काय रे, एवढ्यात?"

"मला घेतलं न्हाई."

"अरे, पण असं मधेच कसं..."

"घेतलं न्हाई म्हणलं ना शैले!"

पिशवी माळ्यावर टाकलीस. आई पाणी तापवून देत होती, आबा गोठ्यात गेले. तू दिवसदिवस बांधावर बसायचास. मी शेजारी येऊन बसायचे. तू पायानं ढेकळं फोडत राहायचास. दादा, त्या दिवसांत मला तरी का नाही सांगितलंस? तुझ्या शेजारी बसून मीही पुण्या-मुंबईच्या पोरांना शिव्या देत होते, आणि तू ऐकून घेत होतास. हा माझा राग अजून गेलेला नाही बघ.

कारण गावानं तोवर सगळं ठरवून टाकलं होतं. दत्तू डोंगरातला, गरिबाचा. त्याला वशिला नाही. कोणा साहेबाच्या पोरासाठी त्याला हाकलला! सदाभाऊंना तर असं काही हवंच होतं. "हा आपल्या सगळ्या पट्ट्यावरचा अन्याय हाय," म्हणत ते वाड्यावाड्यांतून हिंडले. जुन्नरहून पत्रकार बोलावला. आणि एका सकाळी फाट्यावर रास्ता रोको झाला.

काय माणसं जमली होती! रस्त्यात दगड लावलेले. माळशेजकडून आलेल्या गाड्या तिकडे खोळंबलेल्या, ओतूरकडच्या इकडे. एसटीतली माणसं खिडक्यांतून माना काढून विचारत होती, काय झालं, कोण मेलं? बायकांमध्ये आई होती, मी होते. तुला त्यांनी पुढे खुर्चीवर बसवलं होतं, नवरदेवासारखं. तू बूट घातले होतेस, शिबिरासाठी घेतलेले तेच.

सदाभाऊ बोलत होते. "हा हिरा त्यांनी मातीत टाकला!" लोक टाळ्या पिटत होते. तू उठलास.

"भाऊ, गाड्या सोडा."

"बस रे तू. तुझ्यासाठीच चाललंय."

"माझ्यासाठीच ना? मग मला बोलू द्या."

सदाभाऊंना वाटलं, पोरगं दोन शब्दांत आभार मानणार. ते बाजूला झाले. तू दगडांपाशी जाऊन उभा राहिलास. तुझा आवाज फार मोठा कधीच नव्हता. पण त्या दिवशी गाड्यांची इंजिनं बंद होती, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"माझ्यावर कुणी अन्याय केला न्हाई. तिथं डॉक्टरनं समद्या पोरांना तपासलं. माझ्या काळजाची एक झडप खराब हाय. मला खेळवलं असतं तर मी मैदानातच पडलो असतो. त्यांनी मला डावललं न्हाई, वाचवलं. मी घरी खोटं बोललो. आता ह्या गाड्या सोडा. कुणाचा दवाखाना आसंल, कुणाची कोर्टाची तारीख आसंल."

आई तिथेच रस्त्यावर बसली. तिला धरावं की तुझ्याकडे पळावं, मला कळेना. सदाभाऊ पत्रकाराकडे बघत होते, पत्रकार वहीकडे. आणि मग आबा पुढे आले. त्यांनी पहिला दगड उचलून कडेला टाकला. मग दुसरा. मग तू. मग सगळेच.

घरी येताना तू मला सांगितलंस. डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि काढेचना. दुसऱ्याला बोलावलं. त्यानं विचारलं, लहानपणी कधी ताप येऊन सांधे सुजले होते का? तू म्हणालास, हो, पाचवीत. गुडघे असे सुजले होते की आबांनी पाठीवर घेऊन फिरवलं होतं. आपल्याला वाटलं होतं, हिवाळ्याचा वारा लागला. आईनं पाला शेकून बांधला आणि तू बरा झालास. गुडघे बरे झाले रे. आत काय राहून गेलं, ते कोणाला दिसणार?

"कोच काय म्हणाले?" मी विचारलं.

"शेजारी बसले. हिंदीत म्हणले, बेटा, रोना है तो अभी रो ले, मैं बैठा हूँ. मग मी रडून घेतलं."

"मग आता?"

"आता काय? झालं ना रडून."

खरंच झालं होतं का? पौष सरता सरता ती पोरं श्रीलंकेत विश्वचषक जिंकली. पहिल्यांदाच! तू ओतूरहून वर्तमानपत्र आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आलास आणि घरोघर वाटत निघालास. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या धोंडूबाबांनी पेढा हातात धरून तुला विचारलं, "दत्तू, तुला रं कसलं सुख ह्याचं?"

तू म्हणालास, "बाबा, त्या पोरांच्या पंगतीला बसून जेवलोय मी. कुणाला भात लागतो, कुणाला रोटी, मला ठावं हाय. ती जिंकली तर मी काय तोंड पाडून बसू?"

सगळ्या गावाला वाटून तू खालच्या खाचरात गेलास. लांबून मला तुझी पाठ दिसत होती. मी आले नाही. कोचसारखं शेजारी बसायला हवं होतं की एकटं सोडायला हवं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही.

खरं बोलल्याची किंमत तुला मोजावी लागली, आणि तुला वाटत राहिलं की मलाही. मला बघायला पाहुणे यायचे, चहा-पोहे व्हायचे आणि नंतर निरोप यायचा, "घरात काळजाचं दुखणं हाय म्हणत्यात." तू तोंड लपवायचास. एकदा म्हणालास, "फाट्यावर गप बसलो असतो तर तुझं लगीन झालं असतं, शैले." मी म्हणाले, "मग त्या खोट्यावर किती वर्षं वरण-भात जेवलो असतो?" तू हसलास. लई दिवसांनी हसलास.

आणि मग घोडेगावहून हे पाहुणे आले. कल्याणला वायरमनचं काम शिकत होते. बोलायला लाजरे. आबांनी आपणहून सांगितलं, "पावणं, आधीच सांगतो, आमच्या दत्तूला काळजाचं दुखणं हाय." तर हे म्हणाले, "मला माहीत आहे. त्या दिवशी फाट्यावर अडकलेल्या एसटीत मी होतो. खिडकीतून सगळं ऐकलंय. गाडी सुटल्यावर कंडक्टरपासून सगळे तुमच्याच घराबद्दल बोलत होते. म्हणून तर आलो." तू दाराआड उभा होतास ना? मी बघितलं तुला. डोळे पुसून बाहेर आलास आणि म्हणालास, "दाजी, चहा अजून घ्या." लग्न ठरायच्या आधीच दाजी!

त्यानंतरचे सगळे विश्वचषक मला तुझ्यावरूनच आठवतात. न्यूझीलंडला पोरं गेली तेव्हा पुण्यात तुझं ऑपरेशन झालं, जुनी झडप काढून धातूची बसवली. शुद्धीवर आलास आणि सगळ्यात आधी विचारलंस, "पोरांचं काय झालं?" दाजी म्हणाले, "सेमीफायनलला हरले." "मग मी अजून जरा झोपतो," म्हणून डोळे मिटलेस. आई भिंतीकडे तोंड करून हसत होती आणि रडत होती.

बांगलादेशातही तिथवरच येऊन हरलो, तेव्हा सई पाळण्यात होती. तुझ्याशी लग्न करायला कोण तयार होईल, म्हणून आई देवाला साकडं घालायची, आणि कमलवहिनी स्वतःच म्हणाली होती, "मला चालंल. निदान मानूस खरं बोलतो." झडपेची टिकटिक शांत घरात ऐकू यायची. आम्हाला आधी भीती वाटायची. सईला मात्र त्याशिवाय झोप यायची नाही. तुझ्या छातीला कान लावला की पोरगी गाढ. आता वहिनी म्हणते, ती रात्री घड्याळ उशाशी मागते.

खेळता येत नव्हतं, तर तू अंपायर झालास. मढ, ओतूर, जुन्नर, पार पेठपर्यंत जत्रांच्या टुर्नामेंटला तुला बोलवायचे. मेहुणा असो की सरपंचाचा मुलगा, बोट वर गेलं की गेलं. त्यावरून किती भांडणं व्हायची! एकदा पेठला पोरांनी तुला घेराव घातला. तू म्हणालास, "मारायचं तर जपून मारा. हितं आत लोखंड हाय, तुमचाच हात दुखंल." पोरं हसली आणि तू सुटलास.

श्रीलंकेतली दोन वर्षांपूर्वीची फायनल तू माझ्याकडे येऊन बघितलीस. पाकिस्तानच्या पोरांना आपण एवढ्याशा धावांत गुंडाळलं होतं. दाजींचे मित्र आधीच फटाके आणायला निघाले. आणि मग आपली एकापाठोपाठ एक विकेट पडायला लागली. कोणीच टिकेना. घरात जमलेले सगळे त्या पोरांना वाट्टेल ते बोलायला लागले. हरामखोर काय, विकले गेले काय! तू एकदम ओरडलास. तुला ओरडताना मी पहिल्यांदा बघितलं.

"एकोणीस वर्साची पोरं हायेत ती! तुमच्या घरातली पोरं असती तर हेच बोलला असता?"

बाद होऊन बसलेल्या पोरांचे चेहरे टीव्हीवर दाखवत होते. तू त्यांच्याकडे बघत म्हणालास, "आत्ता ह्यांच्या शेजारी कुणीतरी जाऊन बसाया पायजे." बाकी सगळे उठून गेले. तू टीव्ही बंद होईपर्यंत बसून होतास.

काल ती वेळ आली नाही रे. काल सगळे हसत होते. एवढ्यासाठी तरी दोन महिने थांबायचं होतंस!

आता तुला रागवते. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या रोज घ्यायच्या, दर महिन्याला रक्त तपासायचं, नाहीतर झडपेपाशी गुठळी होऊन मेंदूत जाते, हे डॉक्टरांनी तुला किती वेळा सांगितलं होतं? वहिनी आठवण करायची आणि तू म्हणायचास, "हे सामने होऊ दे, मग जातो जुन्नरला." सामने कधी संपतात का? एक संपला की दुसऱ्या गावाची जत्रा. दुसऱ्याला बाद देताना एवढा कडक आणि स्वतःला मात्र पुन्हा पुन्हा नाबाद! त्या सकाळी हातातून चहाची बशी सुटली, तुझे शब्द अडखळायला लागले. जीपनं ओतूर, तिथून पुणे. मी घोडेगावहून मंचरला येऊन तुझ्या गाडीत चढले तेव्हा तू माझा हात धरलास, पण बोलणं गेलं होतं. तुला काही सांगायचं होतं का? मी वाकून कान लावला तर झडपेचीच टिकटिक ऐकू आली. दुसऱ्या दिवशी तीही थांबली.

दशक्रियेला अलोट गर्दी होती. तू ज्यांना बाद दिलंस तेही आले होते, चोळीच्या खणासारख्या चौकोनी घड्या घातलेले रुमाल डोळ्यांना लावत. सदाभाऊंनी भाषण केलं. आता म्हातारे झालेत, पण माइक दिसला की अजून सरळ होतात. मागे मोठा फ्लेक्स लावला होता. तुझा अंपायरच्या पांढऱ्या कोटातला फोटो आणि खाली लिहिलं होतं, 'भारतीय युवा संघाचे माजी खेळाडू'. सदाभाऊ म्हणाले, "त्या काळात अन्याय झाला नसता तर हा वाघ पुढे मोठ्या संघातही गेला असता!" पुन्हा तोच अन्याय, दादा! तू भर रस्त्यात उभं राहून जो पुसून टाकला होतास, तोच. तू गप्प पडलास आणि त्यांनी तो परत उभा केला.

मी वहिनीला म्हणाले, "हा फ्लेक्स काढायला सांगते." वहिनीनं माझा हात दाबला. "ऱ्हाऊ द्या, ताई. पोरीला बापाचं कायतरी मोठं नको का सांगायला?" तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघून मी मागे फिरले. तिला दुखवायचं नव्हतं. फ्लेक्स अजून फाट्यावर आहे.

आणि काल. पोरं चषक हातोहाती देत होती, उड्या मारत होती. सई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. एकेक चेहरा न्याहाळत होती. मग मागे वळून मला म्हणाली, "आत्या, माझं बाबा ह्याच टीममधी व्हतं ना?"

दाजींनी टीव्हीचा आवाज कमी केला. वहिनी खाली बघत पदराचं टोक गुंडाळत होती. दादा, 'हो' म्हणणं किती सोपं होतं! एक अक्षर. पोरगी खूश झाली असती, बालवाडीत सांगत सुटली असती. उद्या मोठी झाल्यावर कोणीतरी तिला हसून म्हणालं असतं, कुठं गं होता तुझा बाप? तेव्हा ती कोणाला विचारणार होती?

मी तिला मांडीवर घेतलं. म्हणाले, "न्हाई गं बाळा. तुझं बाबा त्या टीमच्या दारापर्यंत गेलं व्हतं. आत न्हाई गेलं."

"हाकललं?"

"न्हाई. बाबांची छाती दुखरी व्हती. खेळले असते तर जिवावर बेतलं असतं, म्हणून डॉक्टरनं घरी पाठवलं."

मग तिला फाट्यावरचं सगळं सांगितलं. दगड लावलेले, गाड्या थांबलेल्या, माणसं चिडलेली, आणि बाबा एकटेच उभे राहून खरं बोलले. ती डोळे मोठे करून ऐकत होती. मला वाटलं, आता विचारेल, चषक का नाही मिळाला?

तिनं विचारलं, "मग गाड्या सोडल्या का?"

"सोडल्या की."

"समद्या?"

"समद्या. एका गाडीत तर तुझे हे आतोबा बसले होते." दाजींनी हात वर करून दाखवला.

पोरीनं समाधानानं मान हलवली, जणू तेवढंच महत्त्वाचं होतं. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. मी घाबरत मागे गेले. वाटलं, दुखावली. ती चुलीपाशी उभी होती. म्हणाली, "मला त्यांनी हे कधी सांगितलंच न्हाई ओ ताई. नुसतं म्हणायचं, मला खेळता आलं न्हाई. फाट्यावर एवढं झालं, हे मी लोकांच्या तोंडून तुकड्या-तुकड्यानं ऐकलं. आज पयल्यांदा सगळं ऐकलं." मग बराच वेळ रडली. मी तिच्या शेजारी बसून राहिले. या वेळी लांबून बघत नाही राहिले.

जाताना वहिनीच म्हणाली, "सदाभाऊंना सांगा, फलक बदला म्हणावं."

आता ऐक. चैत्रात मढच्या जत्रेला सदाभाऊ तुझ्या नावानं टुर्नामेंट भरवणार आहेत. बक्षीस द्यायला बहीण म्हणून मला बोलावलंय. मी माइकवर कधी बोललेले नाही, तुला माहीत आहे. शाळेत स्वागतगीत म्हणतानाही मी मागच्या रांगेत लपायचे. पण मी जाणार. कमलवहिनी माझ्या एका बाजूला उभी राहणार, आई दुसऱ्या बाजूला. मी सगळ्या पोरांसमोर सांगणार की माझा भाऊ भारताच्या संघात नव्हता, शिबिरापर्यंत गेला होता, आणि परत येऊन त्यानं काय केलं. आणि कोणाच्या पोराला ताप येऊन सांधे सुजले तर पाला बांधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, हेही सांगणार. सदाभाऊंनी मधेच माइक काढून घेतला तर मी खाली बसणार नाही, दादा. लहानपणी डोंगरातून गुरांना हाका मारल्यात मी. माइकशिवायही शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल, असं सांगीन. शब्द देते.

तुझी,
शैला